खरवड घासणारीची

पातेलं एवढं मोठं होतं, की भट्टीवाल्याची बायको कमरेपर्यंत आत शिरून ते खरवडायची. पण दिवस भरत आले तसं तिला आत शिरता येईना. पोट काठाला अडायचं. मग ती पातेलं आडवं पाडायची, चिखलात गुडघे रोवायची आणि मोडक्या खुरप्याने तळ ओरबाडायची. खर्र, खर्र. तो आवाज झाला की छपरांखाली पडलेले शिपाई माना वर करायचे. आत्ता जेवून उठलेली माणसं, पण नजर अशी की कित्येक दिवसांत अन्न पाहिलेलं नाही.

त्या दुपारी एकाचं नुसत्या बघण्यावर भागलं नाही. तो पावसातच उठून आला, काही न बोलता बुटाने तिचा हात चिखलात दाबला आणि खरवडीचा मोठा पापुद्रा उचलून तोंडात कोंबला. ती ओरडली तसा दुसरा एक धावत आला. तो काही तिच्यासाठी आला नव्हता. त्याने पहिल्याच्या तोंडात बोटं घालून पापुद्रा बाहेर ओढला. पहिला चावला. दुसऱ्याने त्याचं डोकं पातेल्याच्या काठावर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि रक्त लागलेला तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावताना त्याने डोळे मिटून घेतले होते.

हवालदार आला तो कमरेचा पट्टा सोडतच आला. पाठ, मान, कान, जिथे बसेल तिथे त्याने दोघांना झोडपलं. मग दम खात छपरांकडे तोंड करून ओरडला, "खरवड घासणारीची! पहिल्याच दिवशी सांगितलंय मी. वीटभट्टीवरच्या लोकांचा हा नियम आहे, तोच इथे चालणार. पुन्हा कोणी बाईच्या पातेल्याला हात लावला, तर तो हात राहणार नाही."

तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझं चालू दे गं."

माणूस वाईट नाही, असं लोक त्याच्याबद्दल म्हणायचे. लोकांचं काय जातंय? पट्टा दुसऱ्याच्या पाठीवर पडत असला की सगळेच हवालदार चांगले असतात. तिने सुजलेल्या बोटांनी उरलेली खरवड फडक्यात बांधली आणि घराची वाट धरली.

जागा मुळात विटांची. भट्टीचं धुराडं, माती काढलेले खड्डे आणि कच्च्या विटा वाळवायची लांबच लांब छपरं. लढाई डोंगरापलीकडे येऊन थबकली, मालक पळाला, आणि विटांच्या जागी शिपाई येऊन पडले. छपरांना भिंती नव्हत्या. विटांना वारा लागावा म्हणून बांधलेली ती, आता तो माणसांना लागत होता. वरून न थांबणारा पाऊस, खाली चिखल आणि एका कांबळ्यात दोघे. बूट काढला की मोज्याबरोबर कातडंही सोलून यायचं. म्हणून कित्येकांनी बूट काढणंच सोडलं होतं, आणि वास आला की एकमेकांना शिव्या घालायचे. शर्टाच्या शिवणी मेणबत्तीवर धरल्या की उवा तडतडायच्या. तेवढीच करमणूक.

पूल वाहून गेल्यापासून शिध्याची गाडी आली तर आली. तांदूळ आणि डाळ, डाळ आणि तांदूळ. मांस म्हणून एकदा मेलेलं खेचर मिळालं होतं, त्याची आठवण अजून निघायची. पट्ट्यांना प्रत्येकाने खिळ्याने नवी भोकं पाडून घेतली होती.

भट्टी लावायची आणि राखायची हेच तिच्या नवऱ्याचं जन्माचं काम, म्हणून तो भट्टीवाला. विटा थांबल्या तसं घर उघड्यावर पडलं. हवालदाराने त्याला विचारलं होतं, "विस्तव कळतो ना? मग भात शिजव आणि वाढ." मजुरी म्हणून त्याला दुपारचं ताट आणि बायकोला खरवड. त्याचा धाकटा भाऊ याच तुकडीत शिपाई होता. सैन्याने गावातली तरणी पोरं उचलली त्यात तोही उचलला गेला, आणि फिरून फिरून घरासमोरच येऊन पडला. कोणी याला नशीब म्हणालं. खुद्द धाकटा म्हणायचा, "घर दिसतं आणि जाता येत नाही, याला काय म्हणतात ते सांगा."

आता खरी मेख. पातेल्याला किती खरवड धरायची हे विस्तव ठरवतो, आणि विस्तव भट्टीवाल्याच्या हातात होता. भात उकळला की लाकडं ओढून घ्यायची आणि निखाऱ्यांवर दम द्यायचा. तो मात्र दोन लाकडं हळूच पुढे सारायचा. तळाचा थर लागायचा, चिकटायचा, जाड व्हायचा. तांदूळ हवालदाराच्या देखत वैरलेला, पोती मोजलेली, एक दाणा कोणी चोरलेला नाही. पण रांगेत कमी पडलेला भात घरी फडक्यातून यायचा. त्याची म्हातारी आई तो गरम पाण्यात भिजवायची, मीठ टाकायची आणि सुनेपुढे ठेवायची.

ही युक्ती म्हातारीचीच. एके काळी ती विटांवरच्या मजुरांचा भात रांधायची, आणि नवरा गेल्यावर दोन्ही पोरं तिने अशीच वाढवली. "भात लागला तर लोक शिव्या घालतात," ती म्हणायची, "चोर म्हणत नाहीत."

धाकट्याला विहिरीवरून पाण्याची पिंपं भरून न्यायचं काम लागलं की तो घटकाभर घरात डोकावायचा. त्या दिवशीही आला. बंदूक दाराला टेकवून उकिडवा बसला आणि म्हातारीने दिलेल्या वाडग्यात बोटं घातली.

"आई, तीच खरवड गं. लहानपणची."

"खा. जास्त बोलू नकोस."

तो थोडा वेळ खात राहिला. मग भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, विस्तव जरा आखडता घे. शेवटच्यांना तू डाव तळाला घासून वाढतोस. काल लंबूला नुसतं डाळीचं पाणी मिळालं."

लंबू म्हणजे त्याच्याबरोबर कोठारावर पहारा देणारा शिपाई. एवढा उंच, की कांबळं ओढलं तर पाय उघडे आणि पाय झाकले तर छाती उघडी.

"तुला वाढतो ना चांगलं?" भट्टीवाला म्हणाला.

"मला वाढतोस रे. पण तेही सगळे बघतात. सख्ख्या भावाचं ताट बघा म्हणतात."

"त्यांचं ऐकतोस, तसं इकडेही बघ," म्हातारी म्हणाली आणि तिने सुनेकडे हनुवटी उडवली. "तिच्या पोटातलं काय रांगेत उभं राहणार आहे?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. तिचे पाय सुजले होते, हाताची बोटं काळीनिळी होती. "मी कुठे काय म्हणालो?" असं म्हणून त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला.

भट्टीवाल्याला भावाचं म्हणणं कळत होतं. पण बायकोला कळा लागायची वेळ जवळ येत होती आणि तिच्या अंगावर मांस नव्हतं. त्याने विस्तव आखडला नाही. उलट, खरं सांगायचं तर, थोडा वाढवलाच.

मग गाडी आलीच नाही. हवालदाराने तांदळाचं माप कमी केलं आणि रांगेचं शेपूट कोरडं राहू लागलं. एका दुपारी भट्टीवाल्याने शेवटच्या शिपायाच्या थाळीत रिकामा डाव उलटा करून दाखवला. त्या शिपायाने थाळीकडे पाहिलं, मग पुढे जेवत बसलेल्याकडे पाहिलं, आणि थाळीची कड त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. तिथून मारामारी पेटली ती साऱ्या छपराखाली. कोणी कोणाचा होता कुणास ठाऊक. थाळ्या, बूट, विटांचे तुकडे, जे हाताला लागेल ते. चिखलात सांडलेला भात काही जण चिखलासकट खात होते आणि त्यांच्या पाठीवर दुसरे नाचत होते.

हवालदाराने हवेत गोळी झाडली तेव्हा कुठे थांबलं.

"तांदूळ पुरेसा वैरला होता," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, आणि म्हणूनच सगळ्यांची पाचावर धारण बसली. "मी स्वतः उभा होतो. मग भात जातो कुठे?"

कोठाराची झडती झाली. एका पोत्याला उंदराएवढं भोक निघालं. मग पहारेकऱ्यांचे खिसे तपासले. धाकट्याच्या खिशात काही नव्हतं. लंबूच्या खिशातून मूठभर कच्चे तांदूळ निघाले.

"जमिनीवर सांडले होते, साहेब," लंबू म्हणाला. "पहाऱ्यावर चघळतो. झोप येत नाही त्याने."

"आणि हा? हा चघळत नाही?"

"मी काही घेतलं नाही, साहेब," धाकटा म्हणाला.

दोघांना शर्ट काढून छपराच्या खांबांना बांधलं. ज्यांचे घास बुडाले होते, त्यांच्याच हातात हवालदाराने पट्टे दिले. नव्या भोकांचे पट्टे ते. पितळी बकलाचं टोक पुढे धरून मारत होते. लंबू प्रत्येक फटक्याला ओरडत होता. धाकटा मात्र दात आवळून होता. भट्टीवाला पातेल्याशी डाव धरून उभा होता. एकदाच धाकट्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. वास त्यालाही येत होता, लागलेल्या भाताचा, लहानपणचा. एका वाक्यात तो सुटला असता. त्याने मान फिरवली आणि कपाळ खांबाला टेकवलं.

संध्याकाळी घरात कोणी चूल पेटवली नाही.

"बोलला का तो?" म्हातारीने विचारलं.

"नाही."

"बोलणार नाही. माझा आहे तो," ती म्हणाली, आणि मग तोंडात कापड कोंबून रडायला लागली.

बायको भिंतीला पाठ लावून बसली होती. "अहो, उद्या लावू नका," ती म्हणाली. "एक दाणा लागू देऊ नका. सगळ्यांना पोटभर मिळालं की राग उतरेल. मग सोडतील भावजींना."

"आणि तू?"

"माझं मी बघते."

हे तिघांनाही पटलं. त्यात वेडगळ काही नव्हतं. भुकेनेच माणसं पिसाळली होती, भूक गेली की निवळतील, असं कोणालाही वाटेल.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याने कधी नव्हे असा भात केला. उकळी आल्याबरोबर लाकडं ओढली, निखारे पसरले, झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि समोर ठाण मांडून बसला. झाकण काढलं तेव्हा दाणा न् दाणा मोकळा होता. रांग संपली तरी पातेल्यात भात उरला. काही जणांना दुसऱ्यांदा मिळाला. कित्येक दिवसांनी छपराखाली कोणीतरी हसलं. भट्टीवाल्याच्या जिवात जीव आला. खांबांना बांधलेल्या दोघांसाठी त्याने बाजूला दोन थाळ्याही भरून ठेवल्या होत्या.

हवालदार जेवला, हात धुतला आणि पातेल्याशी आला. आत वाकून बघितलं. तळ स्वच्छ होता.

"ऐका रे," तो म्हणाला. "रात्री कोठारावर मी होतो. हे दोघे बांधलेले होते. माप तेच, पातेलं तेच, रांधणारा तोच. आणि आज भात उरला. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

भट्टीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. डाव हातात धरून तो तिथेच उभा राहिला.

उपाशी माणसं काल मारत होती ती थकून थांबली होती. आज सगळ्यांची पोटं भरलेली होती आणि हातांत जोर आला होता. ज्या भाताने राग उतरायचा, त्याच भाताच्या ताकदीवर ते उठले. लंबूला खांबावरून सोडवून चिखलात पाडलं. उंच असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा गुडघ्यांवर उठायचा, आणि उठला की पुन्हा पाडायचे. "सांडले होते, सांडले होते," एवढंच तो म्हणत होता. मग कोणीतरी वीट आणली. तिथे विटांना काय तोटा? त्यानंतर तो काही म्हणाला नाही. त्याचे पाय थोडा वेळ हलले, मग तेही थांबले.

सगळे एकदम मागे सरले. पावसाचा आवाज तेवढा उरला.

"बास," हवालदार म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. पण रँक असलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही. "दुसऱ्याचं उद्या. जेवण झाल्यावर."

रात्र कशी गेली ते त्या घराला ठाऊक. सकाळी निघताना भट्टीवाला बायकोला एवढंच म्हणाला, "आज तू येऊ नकोस. पातेलं मी खरवडणार आहे."

तिला कळलं. म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा, आणि बोटं कानशिलावर मोडली.

त्या दिवशी त्याने विटांची भट्टी लावावी तसा विस्तव लावला. लाकडं सारत राहिला. करपट वास छपराखाली पसरला, शिपाई शिव्या घालू लागले, पण तो हटला नाही. रांग लागली. अर्धी रांग झाली आणि डाव तळाला खणखणला.

"संपला," भट्टीवाला म्हणाला.

मागून आरडाओरडा सुरू झाला. हवालदार धावत आला, पट्टा हातातच होता. भट्टीवाल्याने पातेलं लाथेने आडवं केलं, खुरपं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत खरवडायला लागला. खर्र, खर्र. जाड थर सुटला, खालून काळा, वरून पिवळा. तो त्याने दोन्ही हातांनी उचलून हवालदाराच्या पायाशी टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"हा बघा तुमचा भात," तो म्हणाला. "इथे जातो. कोठारातून कोणी काही नेलं नाही. मी लावतो, बायको खरवडते, घरी आम्ही खातो. आज जास्त लावलाय, तुम्हाला दिसावा म्हणून. रोज एवढा." त्याने बोटांत अंतर धरून दाखवलं. "काल लावला नाही, म्हणून उरला. त्या पोराने काही केलं नव्हतं हो. याने पण नाही."

रांगेतला एक शिपाई, काल वीट आणणारा, मटकन खाली बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"खरवड घासणारीची," भट्टीवाला म्हणाला. "नियम तुमचाच, साहेब."

हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं. हवालदाराने पट्टा त्याच्या तोंडावर ओढला. मग बाकीचे आले. लंबूला मारलं त्याहून जास्त त्वेषाने आले, कारण आता प्रत्येकाला लंबूचं देणं दुसऱ्याच्या अंगावर फेडायचं होतं. भट्टीवाल्याचे पुढचे दात पडले, एक डोळा मिटला. तो पडला तिथे बाजूलाच खरवडीचे तुकडे होते, आणि मारता मारता कोणी ना कोणी वाकून एखादा उचलत होतं, खात होतं, पुन्हा मारत होतं.

हवालदाराने सगळ्यांना ढकलून बाजूला केलं. एक मढं लपवताना त्याच्या नाकी नऊ आले होते. दुसरं त्याला नको होतं. त्याने धाकट्याला खांबावरून सोडवलं, ओढत आणलं आणि लोखंडी डाव त्याच्या हातात दिला.

"तुला माहीत होतं?"

धाकट्याने हातातल्या डावाकडे पाहिलं.

"नव्हतं ना माहीत? मग मार. रांधायचा हात मोड त्याचा. नाहीतर माहीत होतं असं मी धरीन, आणि मग तुझी जागा लंबूशेजारी."

दोघांनी भट्टीवाल्याचा उजवा हात पातेल्याच्या काठावर धरला. धाकट्याची स्वतःची पाठ चिंध्या झाली होती, उभंही राहवत नव्हतं.

"मार रे," भट्टीवाला फुटक्या तोंडाने म्हणाला. "मनगटावर. जोरात मार, एकदाच. हळू मारलंस तर पुन्हा मारावं लागेल."

धाकट्याने मारला, पण हळू मारला. म्हणून पुन्हा मारावा लागला. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लाकूड मोडल्यासारखा तो आवाज धाकट्याच्या तोंडातून निघालेल्या किंकाळीखाली लगेच बुडून गेला. भट्टीवाला ओरडला नाही.

त्याला घरी आणून टाकलं. बायकोने मोडलेल्या मनगटाला दोन फळ्या बांधल्या. पातेलं आता शिपायांपैकीच कोणी घासत होतं, आणि घरात शिजवायला काही नव्हतं. म्हातारी नुसतंच गरम पाणी सुनेला पाजत होती.

तिसऱ्या दुपारी दाराशी धाकटा उभा राहिला. हातात झाकलेली थाळी होती. आत यायचं धाडस त्याला होईना. वहिनीने मान खाली घातली. म्हातारी उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोणत्या हाताने मारलंस?"

धाकट्याने उजवा हात पुढे केला आणि डोळे मिटले. ती हाणेल असं त्याला वाटलं. तिने मनगट धरलं, त्याला ओढत भट्टीवाल्याच्या अंथरुणाशी नेलं आणि खाली बसवलं.

"भरव त्याला. याच हाताने."

धाकट्याने घास कालवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि नाक पुसायला दुसरा हात सुचत नव्हता. भट्टीवाल्याने फाटलेलं तोंड उघडलं. उरलेल्या दातांनी हळूहळू चावलं. दाणे करकर वाजत होते.

"कच्चा आहे," तो म्हणाला.

"नवा माणूस घाबरतो, दादा. लागेल म्हणून विस्तव लवकर ओढतो. खरवड धरतच नाही आता."

"थोडी धरली पाहिजे. नाहीतर भात शिजत नाही." भट्टीवाल्याने थाळीकडे पाहिलं. "थाळी भरलेली आहे रे. तुझी नाही ही. कुणाची आणलीस?"

धाकट्याने खाली बघितलं. "लंबूची. वर कळवलंच नाही अजून. त्याच्या नावाचा शिधा अजून निघतो."

घास भट्टीवाल्याच्या तोंडात तसाच राहिला. बाहेर पावसात पातेलं खरवडल्याचा आवाज ऐकू येत नव्हता. मग बायकोने भिंतीला धरून उठत थाळी जवळ ओढली, एक मूठ स्वतःच्या तोंडात घातली आणि पोटावर हात ठेवून चावू लागली. भट्टीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि पुढच्या घासासाठी भावाकडे मान वळवली.